डॉ. ग्रॅहॅम यांचे थोरले बंधू

१९५१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडील वृत्तपत्रांत डॉ. फ्रँक ग्रॅहॅम हे नाव वारंवार येऊ लागले. काश्मीरच्या प्रश्नावर भारत आणि पाकिस्तान यांच्यात काही तडजोड होते का, हे पाहण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने त्यांना आपला प्रतिनिधी नेमले होते. त्यांच्या आधी ऑस्ट्रेलियाचे न्यायमूर्ती सर ओवेन डिक्सन याच कामासाठी येऊन रिकाम्या हाताने परत गेले होते. डॉ. ग्रॅहॅम दिल्लीस आले, कराचीस गेले. पुढे जिनिव्हास बैठकी झाल्या. कोणी किती फौज ठेवावी आणि किती मागे घ्यावी या आकड्यांवर बोलणी पुन्हा पुन्हा अडली. १९५३ पर्यंत त्यांनी पाच अहवाल सादर केले, १९५८ साली सहावा. प्रश्न जेथे होता तेथेच राहिला. डॉ. ग्रॅहॅम हे मूळचे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे अध्यक्ष. पुढे काही काळ ते सिनेटचे सभासद होते. १९५० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्या उदार मतांविरुद्ध वर्णद्वेषाचा प्रचार झाला आणि ते पराभूत झाले. त्यानंतर सुमारे वर्षभराने ते आपल्या दारी येऊन उभे राहिले.

या डॉ. ग्रॅहॅम यांना एक थोरले बंधू होते. तेही डॉक्टरच, पण औषधे देणारे. काश्मीरचा वाद चालू होता तेव्हा ते अमेरिकेच्या उत्तर टोकाजवळच्या एका लहानशा खाणगावात शाळेतील मुलांचे डोळे आणि घसे तपासण्यात गुंतलेले होते. त्यांच्या कीर्तीचा त्या वेळी कोठे उल्लेखही नव्हता. आज मात्र अमेरिकेत धाकट्या ग्रॅहॅमना जेवढे लोक ओळखतात त्याच्या कितीतरी पटींनी अधिक लोक थोरल्यांना ओळखतात, आणि तेही एका चमत्कारिक कारणासाठी: १९०५ साली एका दुपारी जे घडले नाही, त्यासाठी.

आर्चिबाल्ड राइट ग्रॅहॅम यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील फेएटव्हिल या गावी झाला. वडील अलेक्झांडर ग्रॅहॅम हे तेथील आणि पुढे शार्लट शहराच्या सार्वजनिक शाळांचे अधीक्षक. दक्षिणेकडील यादवी युद्धाने पोळलेल्या त्या प्रांतात सर्वांसाठी शाळा हवी, हे लोकांच्या गळी उतरविण्यात ज्यांची हयात गेली, अशा माणसांपैकी ते एक होते. घरात पुस्तके होती, मुले पुष्कळ होती. पैसा बेताचाच असावा. आर्ची, म्हणजे आपले कथानायक, चॅपेल हिल येथील विद्यापीठात शिकले आणि मग वैद्यकासाठी बाल्टिमोरला मेरिलँड विद्यापीठात गेले. अभ्यासाच्या जोडीने त्यांना दुसरे एक वेड होते, ते बेसबॉलचे. पाय विलक्षण चपळ होते. मैदानाच्या दूरच्या भागात उभे राहून उंच आलेल्या चेंडूखाली वेळेवर पोहोचणे, हे ज्या खेळाडूचे मुख्य काम, त्या ‘औटफील्डर’च्या जागेला असे पाय लागतात.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून दोन शब्द. क्रिकेट जाणणाऱ्याला तो समजण्यास अवघड नाही. दोन्ही बाजूंना नऊ नऊ खेळाडू, आणि एका सामन्यात प्रत्येक बाजूला नऊ छोटे डाव. तीन गडी बाद झाले की डाव संपतो आणि बाजू बदलतात. फलंदाजीचा क्रम ठरलेला असतो. जो डाव जेथे थांबला तेथून पुढच्या फलंदाजाने नवा डाव सुरू करावयाचा. पाहुणा संघ नेहमी आधी खेळतो. ज्याची पाळी पुढची, तो हातात फळी घेऊन मैदानाच्या कडेला वाट पाहत उभा असतो. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढची हकीकत कळेल.

हकीकतीच्या आधी मात्र त्या काळच्या अमेरिकेतील बेसबॉलचा नकाशा पाहिला पाहिजे, कारण सारा गैरसमज तेथूनच सुरू होतो. ज्यांना ‘मेजर लीग’ म्हणत ते संघ १९०५ साली अवघे सोळा होते आणि ते दहा शहरांत सामावलेले होते. मिसिसिपी नदीच्या काठच्या सेंट लुइसच्या पश्चिमेला त्यांपैकी एकही नव्हता. राजधानी वॉशिंग्टनच्या दक्षिणेला तर नावही नको. नभोवाणी जन्माला यायची होती. तेव्हा जॉर्जियातील शेतकऱ्याने, पेनसिल्व्हेनियातील कोळसाखाणीच्या मजुराने किंवा न्यू हॅम्पशायरच्या कापडगिरणीतील कामगाराने डोळ्यांनी पाहिलेला बेसबॉल बहुधा ‘मायनर लीग’चाच असे. देशभर अशा डझनावारी लीग होत्या. १९०१ साली शिकागो येथे त्यांच्या अध्यक्षांनी एकत्र येऊन एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली, लीगांच्या अ, ब, क, ड अशा श्रेणी पाडल्या आणि प्रत्येक श्रेणीला पगाराची मर्यादा घालून दिली. वरच्या संघाने ठराविक मोबदला देऊन खालच्या संघातील खेळाडू उचलावा, अशीही सोय करण्यात आली. खेळाडूला मात्र आपला संघ निवडण्याची मोकळीक नव्हती. त्याच्या करारात एक कलम असे, त्यान्वये हंगाम संपला तरी त्याच्यावरचा मालकाचा हक्क संपत नसे. मालकाने ठेवावे, विकावे, सोडून द्यावे. खेळाडूने फक्त ट्रंक बांधावयाची.

अशा ट्रंका बांधून गावोगाव हिंडणारा एक मोठा वर्ग त्या वेळी तयार झाला. आपल्याकडे गावच्या जत्रेतून पुढच्या जत्रेकडे निघालेल्या तमासगिरांच्या फडाशी त्याची तुलना केली तर ती फारशी चुकीची होणार नाही. आगगाडीचा प्रवास, स्वस्त खाणावळी, दुपारच्या उन्हातले सामने (विजेच्या प्रकाशात खेळणे अजून फार लांब होते), आणि पावसाळी दिवस आला तर पत्त्यांचा डाव. एक गाव आज डोक्यावर घेई आणि दुसरे उद्या शिव्या देई. आर्ची ग्रॅहॅम या वर्गात १९०२ साली दाखल झाले, शार्लटच्या संघातून. पुढचे दोन उन्हाळे त्यांनी उत्तरेला न्यू इंग्लंड लीगमध्ये काढले. हिवाळ्यात बाल्टिमोरच्या शवविच्छेदनगृहात आणि उन्हाळ्यात मैदानावर, असा त्यांचा दुहेरी संसार होता. ‘मूनलाइट’ हे त्यांचे टोपणनाव याच काळातले. कोणी म्हणतात, चांदण्याच्या तिरिपेसारखे ते वेगाने धावत म्हणून. कोणी म्हणतात, दिवसाच्या धंद्याखेरीज रात्री दुसरा धंदा करणाऱ्याला अमेरिकेत जो शब्द लावतात त्यावरून. दोन्ही उपपत्ती गोड आहेत. मधल्या काळात पहिलीच अधिक लोकप्रिय झाली, यात नवल नाही.

१९०४ च्या हंगामानंतर न्यूयॉर्कच्या ‘जायंट्स’ संघाची नजर त्यांच्यावर पडली. जायंट्स म्हणजे त्या काळचा सर्वांत बलाढ्य संघ, आणि त्याचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ म्हणजे साक्षात जमदग्नी. लोक त्यांना ‘छोटा नेपोलियन’ म्हणत. पण आर्ची ग्रॅहॅम संघात वेळेवर हजर झालेच नाहीत. वैद्यकाच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास पुरा करायचा होता. तो आटोपून, मे महिना उतरणीला लागल्यावर, ते न्यूयॉर्कला पोहोचले. तोपर्यंत संघ चांगला जमून गेला होता. बाहेरच्या मैदानावर माइक डॉनलिन, सॅम मर्टिस आणि जॉर्ज ब्राउन हे तिघे पक्के बसले होते. डॉनलिन तर त्या वर्षी साडेतीनशेच्या वर सरासरीने खेळत होते. बेसबॉलच्या हिशेबात हजार संधींपैकी तीनशे संधी ज्याने साधल्या तो कसलेला फलंदाज समजतात. नव्या माणसाला बाकावर बसून पाहण्यापलीकडे काम नव्हते. महिन्याहून अधिक काळ ते बसले.

२९ जून १९०५ रोजी जायंट्स शेजारच्या ब्रुकलिन संघाशी खेळण्यास गेले. ब्रुकलिनचे मैदान गोवॅनस कालव्याच्या कडेला होते आणि त्या कालव्याच्या दुर्गंधीबद्दल ते जितके प्रसिद्ध होते तितके खेळाबद्दल नव्हते. त्या वर्षी ब्रुकलिनची दशाही तशीच होती. हंगामाअखेर ४८ विजय आणि १०४ पराभव घेऊन तो संघ आठांत आठवा आला. उलट जायंट्स १०५ सामने जिंकून पहिले आले आणि नंतर त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविले. अशा दोघांची गाठ पडल्यावर जे होते तेच त्या दिवशी झाले. ११ विरुद्ध १ अशा फरकाने सामना न्यूयॉर्ककडे झुकला. आठव्या डावात ब्रुकलिनची फलंदाजी सुरू व्हायच्या वेळी मॅग्रॉंनी जॉर्ज ब्राउन यांना विश्रांती दिली आणि उजव्या बाजूच्या दूरच्या मैदानावर ग्रॅहॅम यांना पाठविले.

त्यांच्याकडे चेंडू आला नाही. नवव्या डावात जायंट्स फलंदाजीला आले. दोन गडी बाद झाले होते. गोलंदाज क्लॉड एलियट फळी घेऊन उभे होते, आणि त्यांच्या मागची पाळी ग्रॅहॅम यांची होती. ते कडेला तयारीत होते. एलियट यांनी चेंडू उंच उडविला, तो झेलला गेला, डाव संपला. ग्रॅहॅम यांनी फळी ठेवली, हातमोजा घातला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले. ब्रुकलिनच्या शेवटच्या तीन गड्यांपैकी कोणीही त्या बाजूला चेंडू मारला नाही. सामना संपला. त्यानंतर मेजर लीगच्या मैदानावर त्यांचे पाऊल पडले नाही.

बेसबॉलच्या लोकांना आकड्यांचे वेड फार. कोणत्या खेळाडूने कोणत्या दिवशी काय केले याची जमाखर्चाची वही ते मारवाड्याच्या दक्षतेने ठेवतात. १९६९ साली या साऱ्या वह्या एकत्र करून एक जाडजूड बेसबॉलकोश प्रसिद्ध झाला, आणि त्यात मेजर लीगमध्ये एकदा जरी उभा राहिला असेल अशा प्रत्येक माणसाला एक ओळ मिळाली. ग्रॅहॅम यांची ओळ अशी: सामने १. त्यापुढे सगळी शून्ये.

कॅनडाचे कथाकार विल्यम पॅट्रिक किन्सेला यांची दृष्टी त्या ओळीवर आणि तिच्यातील ‘मूनलाइट’ या विलक्षण नावावर खिळली. ते चिझम गावी जाऊन आले, आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘शूलेस जो’ या कादंबरीत त्यांनी या माणसाला एक पात्र म्हणून आणले. १९८९ साली तिच्यावर ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा चित्रपट निघाला. म्हातारपणचे डॉ. ग्रॅहॅम बर्ट लँकेस्टर यांनी साकारले, आणि चित्रपटगृहासाठी केलेली त्यांची ती शेवटची भूमिका ठरली. कोट्यवधी लोकांनी तो वृद्ध डॉक्टर पाहिला, ज्याला एकदाही फळी चालविण्याची संधी मिळाली नाही, ज्याने ते दुःख गिळून रुग्णसेवा पत्करली. चित्रपट हृद्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे.

चित्रपटात तो सामना १९०५ चा राहिला नाही. तो १९२२ साली, हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी गेला. असे केल्याने एक गोष्ट आपोआप साधली. दुसऱ्या दिवशी खेळच नाही, तेव्हा दुसऱ्या संधीचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात तो जून महिना होता आणि अर्धा हंगाम पुढे पडला होता. डॉक्टरांचा मृत्यूही चित्रपटाने सात वर्षे पुढे ढकलून १९७२ साली नेला. (योगायोग असा, की खरोखर १९७२ साली वारले ते धाकटे बंधू, आपल्या ओळखीचे फ्रँक ग्रॅहॅम.) चित्रपटातील चिझम हे गावसुद्धा चिझम नव्हे; ती दृश्ये इलिनॉय राज्यातील गलीना येथे घेतलेली आहेत. असल्या फेरफारांबद्दल कथाकाराला कोणी दोष देणार नाही. पण एक बदल असा आहे की तो केवळ तारखेचा नाही. चित्रपटातील ग्रॅहॅम सांगतात, की पुन्हा मायनर लीगमध्ये एक वर्ष काढण्याची कल्पनाच सहन होईना, म्हणून त्या दिवसानंतर आपण खेळ सोडला.

खरे ग्रॅहॅम सोडून गेले नाहीत. जायंट्सनी त्यांना थोड्याच दिवसांत खाली पाठविले. ते गेले, आणि १९०८ पर्यंत खेळत राहिले. १९०५ मध्येच वैद्यकाची पदवी हातात आलेली होती. म्हणजे पोटासाठी मैदानावर धावण्याची त्यांना सक्ती नव्हती. दवाखाना उघडून शहाण्यासारखे बसता आले असते. तरीही एक शिकलेला डॉक्टर तीन वर्षांहून अधिक काळ ‘ब’ श्रेणीच्या लीगमध्ये, बहुतांशी स्क्रँटनच्या संघातून, उन्हात उभा राहिला. याचा एकच सरळ अर्थ लागतो: त्याला ते आवडत होते.

स्क्रँटन हे पेनसिल्व्हेनियातील दगडी कोळशाचे शहर. संघाचे नावच ‘मायनर्स’, म्हणजे खाणवाले. न्यूयॉर्क स्टेट लीगमध्ये ऑल्बनी, ट्रॉय, युटिका, सिरॅक्यूस, बिंगहॅमटन अशी गावे होती, आणि स्क्रँटनसारखी खाणीची शहरे राज्याची सीमा ओलांडून तिच्यात शिरली होती. १९०२ साली याच प्रदेशातील कोळसा कामगारांनी महिनोगणती संप केला होता. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावे लागले, आणि चौकशी आयोगाच्या बैठकी स्क्रँटनमध्येच भरल्या. खाणीतून काळ्या तोंडाने वर आलेल्या त्या माणसांना विरंगुळा म्हणून काय असे? चर्च, गुत्ता आणि बेसबॉल. त्यातही पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या कायद्यानुसार रविवारी तिकीट लावून खेळ करण्यास बंदी होती. ती १९३३ पर्यंत उठली नाही. तेव्हा आठवड्याच्या कामाच्या दिवशी वेळ काढून मैदानावर आलेला प्रेक्षक हा खरा गरजवंत प्रेक्षक समजावा. त्या प्रेक्षकांपुढे १९०६ साली ग्रॅहॅम यांनी .३३६ ची सरासरी राखली. बेसबॉलकोशाच्या त्या ओळीत यातले काही नाही, कारण तो कोश मेजर लीगचा आहे. स्क्रँटनच्या मैदानावर मारलेले शेकडो फटके, उंचावरून अलगद पकडलेले झेल, चोरून गाठलेले तळ हे सगळे त्या हिशेबाने घडलेच नाही.

आणि चित्रपटाने जे केले ते यापेक्षा फार वेगळे आहे असे म्हणता येत नाही. कोशाने ती वर्षे मोजली नाहीत. चित्रपटाने ती असह्य ठरविली. एका अर्ध्या दुपारीची हुरहुर गाढ व्हावी म्हणून तीन वर्षांचा खेळ पुसून टाकावा लागला. वरच्या श्रेणीत जो पोहोचला नाही त्याचे आयुष्य म्हणजे केवळ वाट पाहणे, ही समजूत त्यामागे आहे, आणि ती खेळापुरतीच मर्यादित आहे असेही नाही. स्क्रँटनच्या खाणकामगाराला विचारले असते, तर आपण दुय्यम दर्जाचा खेळ पाहतो आहोत हे त्याने क्वचितच कबूल केले असते.

१९०८ नंतर मात्र फळी खुंटीला लागली ती लागलीच. ग्रॅहॅम यांनी मिनेसोटा राज्यातील चिझम हे गाव निवडले. कोळशाच्या गावाहून ते लोखंडाच्या गावी आले असे म्हणता येईल. मेसाबी नावाच्या टेकड्यांच्या रांगेत जमिनीच्या अगदी वरच्या थरात लोहखनिज सापडले होते. ते आगगाडीने सुपीरियर सरोवराकाठी जाई आणि तेथून बोटींनी पूर्वेकडील पोलादाच्या भट्ट्यांना पोहोचे. चिझम गाव ५ सप्टेंबर १९०८ रोजी जंगलातील वणव्यात जळून जवळजवळ बेचिराख झाले होते. पुढच्या वर्षी डॉक्टर तेथे दाखल झाले तेव्हा राखेतून विटांच्या नव्या भिंती उठत होत्या. वस्ती फिनलंड, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, इटली अशा देशांतून आलेल्या मजुरांची. एका गल्लीची भाषा दुसऱ्या गल्लीला कळत नसे. हिवाळा असा, की दक्षिणेकडील उबदार प्रांतात वाढलेल्या माणसाने पहिल्याच वर्षी पळ काढावा. डॉक्टर ग्रॅहॅम पन्नासांहून अधिक वर्षे तेथे राहिले.

खाणकंपन्यांवर गावाने कर बसविला होता आणि त्या पैशावर मेसाबी भागातील शाळा राजवाड्यासारख्या उभ्या राहिल्या. शेजारच्या हिबिंग गावातील शाळेची इमारत पाहण्यास आजही लोक जातात. मजुरांची घरे लाकडी आणि अंधारी, पण मुलांच्या शाळेत पोहण्याचा तलाव, नाट्यगृह आणि स्वतंत्र डॉक्टर. खाण एके दिवशी संपेल, तोवर तिचे जे काही घेता येईल ते मुलांच्या डोक्यात आणि अंगात साठवून ठेवावे, असा त्या गावकऱ्यांचा व्यवहारी हिशेब होता. चिझमच्या शाळांचे डॉक्टर म्हणून आर्ची ग्रॅहॅम यांनी कित्येक दशके काढली. शाळाधीक्षकाचा मुलगा अखेर शाळेतच येऊन स्थिरावला. तेथील एका शिक्षिकेशी १९१५ साली त्यांचा विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही. गावात मात्र त्यांच्या हाताखालून न गेलेले मूल सापडणे कठीण होते.

त्यांची एक आठवण चिझममध्ये आवडीने सांगतात. आसपासच्या गावांतून ते लोकांचे जुने, वापरून टाकलेले चष्मे मागवून घेत. शनिवारी खाणकामगारांची मुले जमत. डॉक्टर त्यांचे डोळे तपासत, आणि ढिगातून ज्याला जो लागू पडेल तो चष्मा त्याच्या नाकावर बसवून देत. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. हातात छत्री घेऊन रस्त्याने चाललेली त्यांची उंच आकृती हे गावाचे नेहमीचे दृश्य होऊन गेले होते.

दुसरी गोष्ट इतकी मनोरंजक नाही, परंतु तिचे मोल अधिक आहे. शाळेत येणाऱ्या निरोगी मुलांचा रक्तदाब किती असतो, हे त्या काळी नीटसे ठाऊक नव्हते. रक्तदाब हे म्हाताऱ्यांचे दुखणे, मुलांचा कशाला मोजावयाचा, अशी समजूत होती. आणि नेहमीचे प्रमाण किती हेच ठाऊक नसेल, तर अमुक मुलाचा दाब वाढला आहे असे तरी कोणत्या आधारावर म्हणावे? डॉ. ग्रॅहॅम यांनी वर्षानुवर्षे शाळेतील मुलांच्या दंडाला पट्टा बांधून नोंदी केल्या. त्याच मुलांची पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मोठ्या शहरातील रुग्णालयात असे करता येत नाही, कारण तेथे येते ते आजारी मूल, आणि बरे झाले की ते दिसेनासे होते. एकाच गावात ठाण मांडून बसलेल्या शाळेच्या डॉक्टरलाच हे साधण्यासारखे होते. रॉचेस्टरच्या प्रसिद्ध मेयो चिकित्सालयातील तज्ज्ञांच्या सहकार्याने या नोंदींची छाननी झाली, आणि पाच ते सोळा वर्षे वयाच्या मुलांचा रक्तदाब या विषयावरील त्यांचा निबंध १९४५ साली अमेरिकेतील बालरोगांच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील काळात मुलांच्या रक्तदाबावर लिहिणाऱ्या अनेक संशोधकांनी त्याचा आधार घेतला. निबंधाच्या शीर्षस्थानी नाव आहे ते ए. डब्ल्यू. ग्रॅहॅम. ‘मूनलाइट’ हा शब्द त्यात अर्थातच नाही.

त्या अर्ध्या दुपारीची सल त्यांच्या मनात होती का? कथाकारांनी ती गृहीत धरली आहे. ती नव्हतीच असे म्हणणेही तितकेच धाडसाचे होईल. ज्याने सात उन्हाळे मैदानावर काढले त्याला मेजर लीगमध्ये एकदा तरी फळी चालवावी असे वाटले नसेल, हे संभवत नाही. कागदावर जे आहे ते एवढेच, की ऐन हंगामाच्या तोंडावर जायंट्सचे बोलावणे असताना ते परीक्षेसाठी बाल्टिमोरला थांबले, आणि पदवी मिळाल्यावर दवाखान्याऐवजी स्क्रँटनला गेले. दोन्ही वेळा दोन्ही गोष्टी हव्या असणाऱ्या माणसासारखे ते वागले.

चित्रपटानंतर चिझमला पाहुण्यांची रीघ लागली. ज्या स्थानिक वृत्तपत्राच्या संपादिका व्हेडा पोनिकव्हार यांनी डॉक्टरांवर मृत्युलेख लिहिला होता, त्यांनाही चित्रपटात एक भूमिका मिळाली, अर्थात दुसऱ्या नटीच्या रूपाने. २९ जून २००५ रोजी, त्या सामन्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, मिनेसोटाच्या मेजर लीग संघाने आपल्या मैदानावर ‘मूनलाइट ग्रॅहॅम दिन’ साजरा केला. स्क्रँटनच्या वर्षांचा असा कोणता दिन कोणी साजरा करावा, हे सांगणे खरोखरच अवघड आहे. त्यातील कोणत्याच एका दिवशी विशेष असे काही घडले नव्हते.

आर्ची ग्रॅहॅम २५ ऑगस्ट १९६५ रोजी वारले. त्यांना रॉचेस्टर येथे मूठमाती देण्यात आली. आपल्याकडे त्या आठवड्यात वर्तमानपत्रांचे रकाने काश्मीरने भरले होते. महिन्याच्या आरंभापासून सशस्त्र घुसखोरांच्या टोळ्या युद्धबंदी रेषा ओलांडून आत शिरत होत्या, आणि २८ ऑगस्टला भारतीय सेनेने हाजी पीरची खिंड जिंकली. धाकट्या बंधूंचे सहा अहवाल राष्ट्रसंघाच्या दप्तरात बांधलेले होते. प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक कागदोपत्री अजून कायम होती. तिच्यातून ते १९६७ साली मुक्त झाले. मिनेसोटातील एका शाळेचा निवृत्त डॉक्टर गेला, ही वार्ता इकडे कोणाच्या कानी पडण्याचे कारणच नव्हते. चिझममध्ये मात्र त्या वेळी पन्नाशीला पोहोचलेल्या माणसापासून शाळेतल्या मोठ्या पोरापर्यंत पुष्कळांचा दंड त्या पट्ट्यात एकदा तरी अडकलेला होता.